नाव, गाव, तारीख सांगितली म्हणजे झालं?

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तोच संदेश फिरतोय. डोक्याला मार लागला, पण सीटी स्कॅन साफ आला, शुद्ध मोजणारा जीसीएस 15 पैकी 15 भरला आणि पेशंटने नाव-गाव-तारीख बरोबर सांगितली, की मेंदू शाबूत. पुढच्या चाचण्या म्हणजे पैसे उकळणं. वर एक घरगुती परीक्षाही जोडलीय: 30 गुणांपैकी 26च्या खाली गेलात तर मेंदू कायमचा अधू!

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या मेंदूच्या डॉक्टरांनी 1974 मध्ये आणलेली मोजपट्टी. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात-पाय हलवतो का, एवढंच ती बघते. 15 म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीवर आहे. नवीन गोष्ट लक्षात राहते का, याला तिच्यात एकही गुण नाही.

सीटीत रक्तस्राव, फ्रॅक्चर दिसतं, आणि जीव वाचवायला आधी तेच दिसायला हवं. धक्क्याने ताणले गेलेले मेंदूतले बारीक तंतू मात्र त्यात बहुधा दिसत नाहीत.

माझा मामेभाऊ किराणा दुकान चालवतो. दुचाकीवरून पडला, स्कॅन साफ, तारीख-वार बिनचूक. दुकानात बसल्यावर खरं काय ते कळलं. पूर्वी साखर जोखता जोखता सात-आठ जिनसांची बेरीज तोंडी व्हायची. आता मध्येच फोन वाजला की सगळी पुसली जायची. "पोहे अर्धा किलोच म्हणालात ना?" असं एकाच गिऱ्हाइकाला तीनदा. वहिनीने हिशेब मागितला तर त्याने वही भिरकावली.

हे तारीख-वार विचारून सापडत नाही. म्हणून न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे स्मरण, लक्ष, विचार तपासणारे तज्ज्ञ, कागदावर 1-अ-2-ब असे आकडे नि अक्षरं आळीपाळीने जोडायला लावतात, तेही घड्याळ लावून. आकडे उलटे म्हणवून घेतात, सांगितलेले शब्द बऱ्याच वेळाने पुन्हा विचारतात. घरच्यांशीही बोलतात, कारण आपलं काय चुकतंय हे पेशंटला कळतंच असं नाही.

राहिली 26ची भीती. तो आकडा 2005 सालच्या मोका (MoCA) या स्मरण-लक्ष तपासणाऱ्या छोट्या चाचणीचा, आणि ती नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. कमी शिकलेल्यांना तिच्यात एक गुण वाढवून देतात, हे संदेशात कुठाय? झोप नाही, डोकं ठणकतंय, गोळ्यांची गुंगी आहे, तर गुण पडणारच. काल कोण भेटून गेलं हेच आठवत नसताना परीक्षा घेण्यात तर काही अर्थच नाही. सौम्य इजेनंतर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत, फार तर तीनेक महिन्यांत निवळतो.

भावाची बेरीज आता पुन्हा तोंडी होते. दुकानातला फोन मात्र अजून वहिनीच उचलते.