‘गॅसच्या गोळीचं काळं सत्य’: त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

‘गॅसच्या गोळीचं काळं सत्य’ या मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवरून फिरतोय. मला तो दादरच्या मावशीने पाठवला, दहिसरच्या दिरांनी पाठवला आणि शेवटी कामाच्या ग्रुपवरही येऊन पडला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचं सार: ॲसिडिटी पोटात ॲसिड कमी पडल्यामुळे होते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या ॲसिड दाबणाऱ्या गोळ्यांची सवय लागते, त्यांनी किडनी निकामी होते आणि स्मृतिभ्रंश जडतो, हे ‘संशोधनाने सिद्ध’ झालंय. घरगुती उपायांवर संशोधन होतच नाही, कारण त्यात कंपन्यांना पैसा नाही. कुणाच्या तरी काकू व्हिनेगर आणि ओव्याच्या पाण्याने तीन दिवसांत ठणठणीत झाल्या. आणि क्लिनिकल ट्रायल म्हणजे गरिबांवर त्यांना न सांगता केलेले प्रयोग. तळाशी नेहमीचं पालुपद: डॉक्टरकडे जाऊ नका, दहा जणांना पाठवा.

मी मुंबईतल्या एका रुग्णालयात पोटाच्या विकारांवरच्या ट्रायल्सची, म्हणजे औषधांच्या चाचण्यांची, कोऑर्डिनेटर आहे. औषध लिहून देणं माझं काम नाही. कोणाला काय दिलं आणि त्याचं पुढे काय झालं, याची नोंद चोख ठेवणं हे माझं काम. त्यामुळे असा मेसेज आला की मी एकच गोष्ट शोधते: तुलना कोणाशी केली? या मेसेजमध्ये एकाही मुद्द्याला त्याचं उत्तर नाही.

‘ॲसिड कमी पडतं म्हणून जळजळ होते’

हा मुद्दा चटकन निकालात निघतो, कारण ॲसिड मोजता येतं. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात आणि दिवसभराची आम्लता नोंदवतात. पेशंट नळी लावूनच घरी जातो, जेवतो, झोपतो. छातीत जळजळ होणाऱ्या बहुतेकांच्या जठरात ॲसिड नेहमीइतकंच असतं. बिघाड असतो तो जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेत. ती अवेळी सैल पडते आणि ॲसिड वर चढतं. रात्री दहाची कल्याण लोकल पकडायची, घरी पोचून पोटभर जेवायचं आणि पाठ टेकायची, हा आपल्याकडचा शिरस्ता त्या झडपेला अजिबात मानवत नाही.

शिवाय ॲसिड कमी असणं हेच कारण असतं, तर ॲसिड दाबणाऱ्या गोळीने अन्ननलिकेतले व्रण चिघळायला हवे होते. दुर्बिणीतून पाहिलं तर ते भरून आलेले दिसतात, आणि प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त जणांचे. ज्यांचं ॲसिड खरोखरच कमी असतं अशी माणसं असतात, जठराचं अस्तर झिजलेली वयस्कर मंडळी विशेषतः. त्यांची तक्रार बहुधा बी-१२च्या कमतरतेतून उघड होते. सोडा पिऊन ढेकर किती वेळात येतो ते मोजायची मेसेजमधली ‘चाचणी’ काहीही ठरवत नाही. आणि रोज व्हिनेगर प्यायल्याने दातांवरचं एनॅमल झिजतं, ते वेगळंच.

‘किडनी आणि मेंदू निकामी होतो, हे सिद्ध झालंय’

इथे जरा थांबायला हवं, कारण हा मुद्दा हवेतून आलेला नाही. २०१६ मध्ये दोन अभ्यास गाजले. एक अमेरिकेतला, मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराबद्दल. दुसरा जर्मनीतल्या आरोग्यविम्याच्या नोंदींवरून केलेला, स्मृतिभ्रंशाबद्दल. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ते ते आजार जास्त आढळले, हे खरं आहे. पण दोन्ही ठिकाणी संशोधकांनी कोणाला गोळी दिली नव्हती. ज्यांना आधीपासून ती चालू होती त्यांच्या नोंदी चाळल्या होत्या.

आता आपल्याच घरात बघा, ही गोळी कोणाच्या डब्यात असते? ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे, गुडघ्यांसाठी जे वर्षानुवर्षं पेनकिलर घेतात, त्यांच्या. मधुमेह किडनीला सोडत नाही, पेनकिलरही तिला जड जातात. मग किडनी बिघडली तर आळ कोणावर घ्यायचा? नोंदी कितीही चाळल्या तरी हा गुंता पूर्ण सुटत नाही. अभ्यासक वय, वजन, इतर आजार यांचा हिशेब मांडून तो थोडाफार सोडवतात, तरी काहीतरी उरतंच.

गुंता सोडवायचा मार्ग एकच: चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे, एकाला गोळी आणि दुसऱ्याला प्लासिबो द्यायची, आणि कोणाला काय मिळालं हे ना पेशंटला कळू द्यायचं ना डॉक्टरला. असं झालेलं आहे. ‘कंपास’ नावाच्या मोठ्या चाचणीत हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या १७,५९८ रुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा प्लासिबो देऊन सुमारे तीन वर्षं पाहिलं. निकाल २०१९ मध्ये आले. स्मृतिभ्रंश, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, न्यूमोनिया, हाड मोडणं, यांपैकी कशातही दोन गटांत ठोस फरक नव्हता. फरक पडला तो आतड्यांच्या संसर्गात: गोळीच्या गटात १.४ टक्के, प्लासिबोच्या गटात १ टक्का. ते पटण्यासारखं आहे. पोटात आलेले जंतू मारणं हे ॲसिडचं एक कामच आहे.

‘पैसा कंपनीचाच असेल’ असं कोणी म्हणेल, म्हणून आधीच सांगते. होय, खर्च बायर कंपनीचा होता. पण तिला कौल हवा होता तो तिच्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाबद्दल. ॲसिडच्या गोळीची तुलना त्याच चाचणीत सोबत झाली. तीन वर्षं म्हणजे वीस वर्षं नव्हेत, हा आक्षेप मात्र रास्त आहे. या गोळ्यांनी क्वचित कोणाच्या मूत्रपिंडाला अचानक सूज येते, दीर्घ वापरात बी-१२ आणि मॅग्नेशियम घटू शकतं, हेही डॉक्टरांना ठाऊक असतं. म्हणूनच गरज असेल तितकेच दिवस आणि तितकाच डोस.

मेसेज लिहिणाऱ्याला खरा मुद्दा दिसलाच नाही, याचं मला नवल वाटतं. आपल्याकडे केमिस्टच्या काउंटरवर ‘गॅसची गोळी’ मागितली की बऱ्याचदा हातात येते ती पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोन हे मळमळीवरचं औषध एकत्र असलेली कॅप्सूल. यातल्या डोमपेरिडोनमुळे काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये जळजळ आणि पोटफुगीसाठी त्याचा वापर बंद करायला सांगितला आणि तो मळमळ-उलटीपुरता, तोही थोड्या दिवसांसाठी ठेवला. भीती घालायचीच होती तर कॅप्सूलच्या या अर्ध्या भागाची घालायची. मेसेजने नेमका दुसरा अर्धा निवडला.

‘सवय लागते’ या वाक्यातही तथ्याचा अंश आहे. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १२० निरोगी माणसं घेतली, पोटाची कसलीही तक्रार नसलेली. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल ही याच गटातली गोळी देऊन मग गुपचूप प्लासिबोवर आणलं, बाकीच्यांना सगळा वेळ प्लासिबोच. २००९ मध्ये निकाल आला: गोळी थांबल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ वगैरे त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे ज्यांना ॲसिडिटी नव्हतीच त्यांनाही गोळी सोडताना ती झाली. दाबून ठेवलेलं ॲसिड काही काळ उसळी मारतं. याचा अर्थ रोग बळावला असा नाही. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली की हा काळ निभावतो. पण ज्यांना ॲस्पिरिनसोबत किंवा पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला म्हणून ही गोळी दिली आहे, त्यांनी मेसेज वाचून ती बंद करू नये. किडनी वाचवायला जाऊन रक्ताची उलटी ओढवून घ्यायची वेळ येईल.

‘घरगुती उपायांवर कोणी संशोधन करत नाही’

इसबगोल घ्या. २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या २७५ आयबीएसच्या, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाची तऱ्हा बिघडलेल्या रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला इसबगोल, दुसऱ्याला गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला तांदळाचं पीठ. पहिल्या महिन्यात इसबगोलवाल्या ५७ टक्के लोकांना पुरेसा आराम पडला, पीठवाल्या ३५ टक्के लोकांना. कोंड्याने मात्र काहींचा त्रास वाढला आणि बऱ्याच जणांनी चाचणी अर्ध्यावर सोडली. गंमत अशी की मेसेजमध्ये ‘भरपूर कोंडा खा’ असा सल्ला आहे.

हळद घ्या. थायलंडमध्ये अपचनाच्या २०६ रुग्णांवर हळदीतल्या कर्क्युमिनची ओमेप्राझोलशी तुलना झाली आणि २०२३ मध्ये छापून आली. दोन्ही साधारण सारखेच उपयोगी ठरले. फक्त त्यात नुसत्या प्लासिबोचा गट नव्हता, त्यामुळे दोन्ही कितपत ‘खरे’ चालले ते सांगता येत नाही. आणि तिथे मोजून कॅप्सूल दिल्या होत्या, दुधात चिमूटभर हळद नव्हे.

आणि मीठ-साखर-पाण्याचं काय? १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोड्याचं मिश्रण ड्रममधून पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ३.६ टक्क्यांवर आलं. एवढ्या स्वस्त उपायात कोणत्या कंपनीचा पैसा होता? जगभर तो पोचला तो आकड्यांमुळे.

अल्सरचीही तीच कथा. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरमागे जंतू असल्याचं सांगितलं. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतः तो जंतू पिऊन जठराला सूज आणून घेतली. पण जगाने मान्य केलं ते पुढच्या तुलनात्मक चाचण्यांनंतर. वर्षानुवर्षं विकल्या जाणाऱ्या ॲसिडच्या गोळ्यांच्या जागी थोड्या दिवसांचा प्रतिजैविकांचा कोर्स आला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कंपन्यांना रोग बरा होऊ द्यायचाच नसतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

‘काकूंना तीन दिवसांत गुण आला’

आला असेल. काकू खोटं बोलत नाहीत. पण पोटाचे विकार मुळातच चढउताराचे असतात. माणूस उपाय करतो तो त्रास शिगेला पोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार येतोच. त्यात धीराचाही वाटा असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याला नुसतं थांबायला सांगितलं, दुसऱ्याला खोटं ॲक्युपंक्चर, तिसऱ्याला तेच खोटं ॲक्युपंक्चर पण आपुलकीने, वेळ देऊन, विचारपूस करून. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडलेले: २८, ४४ आणि ६२ टक्के. खरा उपचार यात कोणालाच दिला नव्हता. उद्या ओव्याच्या पाण्याने दहातल्या चौघांना बरं वाटलं, तर ते ओव्याने की विश्वासाने, हे तुलनेचा गट नसेल तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि आठवणीवर किती विसंबायचं? आम्ही पेशंटला डायरी देतो. रोज रात्री जळजळ किती, शून्य ते दहा, लिहायचं. फॉलोअपला डायरी परत येते तेव्हा पंधरवड्याच्या नोंदी कधीकधी एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात असतात, मधूनच गाडीच्या हिसक्याने रेघ ओढलेली. सगळं परळला उतरायच्या आधी लोकलमध्ये भरलंय हे उघड दिसतं. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या आम्ही ट्रेमध्ये ओतून मोजतो. ‘एकही चुकली नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाटलीतून मूठभर निघतात. म्हणून तर एवढा खटाटोप.

‘गरिबांवर न सांगता प्रयोग होतात’

याबाबतीत देशाची पाटी कोरी नाही. संमतीवाचून झालेल्या चाचण्यांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०१३ मध्ये नियम कडक झाले. २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीवर डॉक्टर नसलेली, साधी माणसंही लागतात. संमतीपत्र पेशंटला समजणाऱ्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, आणि त्याची सही. आमच्याकडे एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ‘घरी विचारून सांगते’ म्हणाल्या आणि नंतर नकार कळवला. त्यांचे नेहमीचे उपचार तसेच चालू राहिले. नियमही तेच सांगतो: कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं.

देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, ‘सीटीआरआय’, २००७ पासून चालू आहे. नोंद २००९ पासून सक्तीची झाली आणि २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच करावी लागते. ती कोणालाही फुकट पाहता येते. कोण करतंय, पैसा कोणाचा, कोणत्या रुग्णालयात, तुलना कशाशी, सगळं त्यात असतं. आयुर्वेदाच्या औषधांवरच्या चाचण्याही ढिगाने सापडतील.

राहिला ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ हा सल्ला. गिळताना अडकत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, विनाकारण वजन उतरत असेल, रक्त कमी झालं असेल, उलट्या थांबत नसतील, तर ना ओवा ना पॅन्टोप्राझोल, आधी तपासणी. आणि छातीवर दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे सरकत असेल, सोबत घाम फुटला असेल, तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जाऊन लगेच ईसीजी काढा.