वाड्यावरची पहिली ते चौथी हलवू नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाड्यांवरच्या, म्हणजे छोट्या वस्त्यांवरच्या, कमी पटाच्या प्राथमिक शाळा बंद करून मुलं नव्या इमारतीत आणायची, की ती इमारत वरच्या वर्गांना द्यायची, असा बातमीतला वाद आहे. माझ्या मते पाचवीपासूनचे वर्ग तिथं न्यावेत. पहिली ते चौथी वाड्यावरच राहू दे. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर अंतर धरलंय, ते उगाच नव्हे. आषाढात ओहळ भरला की सहा वर्षांचं पोर कोणाच्या भरवशावर पाठवायचं? बस मिळेल म्हणतात, पण ती मुख्य रस्त्यावर थांबणार. तिथपर्यंतची पायवाट रानातून जाते, आणि आया सकाळीच काजूच्या बागेत किंवा कामाला गेलेल्या असतात.

एकशिक्षकी शाळेत एकाच गुरुजींना चार वर्ग सांभाळावे लागतात, हा विलीनीकरणवाल्यांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यासाठी दुसरा शिक्षक द्या, शाळा कशाला काढून घेता?

आणि ग्रामसभेत घाईघाईने ठराव नको. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानेच किमान 75 टक्के पालक असतात. आधी प्रत्येक वाड्यावर त्यांची बैठक घ्या, भागशिक्षणाधिकाऱ्यांना तिथं बोलवा.