भाऊ! जिलबी!

आमच्या घरात दोन कुत्री आहेत आणि त्यांना फिरवायला एक बाई आहे. ती बाई म्हणजे मी. कुत्री मुलांनी आणली. मग मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला, मुलगी शिकायला जर्मनीला, आणि जाताना दोघांनीही बजावलं, "आई, त्यांचं फिरणं चुकवू नकोस हं." माझं काय काय चुकतंय, हे विचारायला फोन येत नाही.

थोरल्याचं नाव भाऊ. हा कारवानी, म्हणजे लातूर-सोलापूरकडचा, लांब तंगड्यांचा, नुसता चपळपणा. कर्नाटकात यालाच मुधोळ म्हणतात आणि 2005 साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं होतं, हे आमचे हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. तिकिटावरचा कुत्रा एका जागी राहतो, एवढं मी चहा ठेवता ठेवता जोडते. धाकटी जिलबी, बीगल. झोपते तेव्हा अगदी जिलबीसारखं वेटोळं करते म्हणून हे नाव. हे नाव उद्या कोथरूडच्या रस्त्यावर ओरडायचं आहे, याचा विचार बारशाला कुणी केला नाही.

भाऊ डोळ्यांनी जगतो, जिलबी नाकाने. त्याच्या वाडवडिलांनी माळावर लांबून सावज हेरलं, तिच्या वाडवडिलांनी इंग्लंडात जमिनीला नाक लावून माग काढला. सावज दोन्हीकडे एकच, ससा. कोथरूडात ससे नाहीत. त्यामुळे भाऊ मांजर, स्कूटर, वाऱ्यावरची पिशवी यांतलं जे पळेल त्याला ससा मानतो, आणि जिलबी परवाच्या वडापावच्या कागदाला. भाऊ 25 किलो, जिलबी 13 (डॉक्टरांच्या मते 11 हवी). दोघं मिळून 38 आणि मी 54, म्हणजे कागदावर मी जिंकते. पण 25 किलो मांजरामागे सुटले आणि 13 किलो गटाराच्या झाकणावर ठाण मांडून बसले, की मधल्या 54 किलोंचं, दोघींनी दोन टोकं धरून पिळलेल्या चादरीसारखं होतं.

विजेचा खांब हा तर रोजचा पेच. भाऊ डावीकडून जातो, जिलबी उजवीकडून, आणि मी खांबाला मिठी मारून उभी. "जिलबी, मागे ये," म्हटलं की मागे येतो भाऊ, तोही माझ्या पायांमधून. त्याच्या पाठोपाठ जिलबी, वेगळ्या वाटेने. गोफ नाचणारे दोऱ्या विणतात आणि मग उलट नाचून तो गोफ सोडवतातही. आमच्या दोघांना नाचाचा पहिलाच भाग येतो. एकदा ऐन वटपौर्णिमेच्या सकाळी मी अशी बांधली गेले होते. पूजेचं ताट घेऊन चाललेल्या समोरच्या काकू थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, वड पलीकडे आहे."

यातच मध्येच वाकून, पिशवीत हात घालून, रस्त्यावरचं उचलायचंही असतं. तेव्हा दोन्ही दोऱ्या डाव्या मनगटाला असतात. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

"मग मोकळी सोडा की!" असं ज्यांच्याकडे कुत्रं नाही ते सगळे सांगतात. वेताळ टेकडीवर सोडायची नाहीत, हा माझा नियम. तिथे मोर आहेत, आणि राष्ट्रीय पक्षी वगैरे भाऊ काही मानत नाही. शेवटी पायथ्याला एक रिकामं मैदान सापडलं. तीन बाजूंनी भिंत. चौथ्या बाजूचा विचार मी केला नव्हता.

मुहूर्त 26 जानेवारीचा. कड्या काढल्या. त्याच क्षणी वाऱ्यावर एक पिशवी उडाली आणि भाऊ बघता बघता ठिपका झाला. जिलबीने नाक वर केलं, मग खाली केलं, आणि मोजणीला निघालेल्या सर्व्हेयरच्या शांतपणे चौथ्या बाजूने निघून गेली. कुत्र्यांना शिकवायला येणाऱ्या मुलाने सांगून ठेवलं होतं, "काकू, मागे पळायचं नाही. उलट्या दिशेला पळा, ती तुमच्या मागे येतात." मी उलटी पळाले. मागे कोणी आलं नाही. समोरून फिरायला येणाऱ्या दोन बायका मात्र माझं पळणं बघून वळल्या आणि त्याही पळत सुटल्या.

मग मी रस्त्यावर आले. एका हलवायाने दुकानाबाहेर मांडव टाकून कढई चढवली होती, प्रजासत्ताक दिनाची जिलबी. पुढे ही रांग. मी हातात दोन रिकाम्या दोऱ्या घेऊन जिवाच्या आकांताने ओरडत होते, "भाऊऽऽ! जिलबीऽऽ!"

कढईवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ताई, सगळ्यांनाच हवीय. रांगेत या."

"अहो, माझी जिलबी हरवलीय!"

"आधी घेतली होती का?"

"चार वर्षांपूर्वी!"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. रांगेतले काका, छातीला तिरंगा लावलेले, म्हणाले, "आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?" आणि त्यांच्याच पायाशी, रांगेत तिसऱ्या क्रमांकावर, नीट मांडी घातल्यासारखी जिलबी बसली होती. मी तिच्याकडे जायला लागले, तर काकांनी हात आडवा केला. "ती आधीपासून आहे."

मी मागे जाऊन उभी राहिले. दुसरं काय करणार! वीस मिनिटांनी नंबर लागला. तोवर जिलबीने खाली सांडलेल्या तुकड्यांवर तीन गिऱ्हाइकांचा हिशेब पुरा केला होता.

"पाव किलो."

"पिशवी आणलीय का?"

नव्हती. मी पर्स चाचपत असताना मागून धापांचा आवाज आला. भाऊ! जीभ गुडघ्यापर्यंत, शेपटी ताठ, आणि तोंडात ती मैदानातली पिशवी. त्याने ती माझ्या पायाशी ठेवली.

हलवायाने वाकून पाहिलं.

"ही प्लास्टिकची आहे," तो म्हणाला. "चालणार नाही."