सहा भाग जास्त नाहीत
जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' कादंबरीसाठी २००५चा सिनेमा पुरेसा, बीबीसीची १९९५ची सिरीयल उगाच ताणलीये, हे तुमचं अजिबात पटलं नाही. अहो, सहाच तर भाग आहेत! पेंबर्लीतला, म्हणजे नायक डार्सीच्या वाड्यातला, पियानोचा सीन परत बघा, डार्सीवर डोळा असलेली कॅरोलाइन मुद्दाम विकमचं नाव काढते, त्याच विकमने पूर्वी फसवलेली डार्सीची बहीण जॉर्जियाना पियानो वाजवत असते, तिची बोटं अडखळतात आणि नायिका एलिझाबेथ पटकन पानं उलटायच्या निमित्ताने तिच्याजवळ जाते, सगळं सावरून घेते, मग एलिझाबेथ नि डार्सी नुसते एकमेकांकडे बघत राहतात. एक शब्द नाही.

एलिझाबेथ झालेल्या जेनिफर ईलीच्या डोळ्यांत तेव्हा जे दिसतं ना, त्यासाठी आधीचे भाग मुरावेच लागतात, दोन तासांत कसं जमणार ते? माझ्या आईला इंग्रजी फारसं कळत नाही, तरी तिथे ती हळूच म्हणाली, "जीव जडला गं हिचा."