हात भरून येतात ते हात कमजोर म्हणून नव्हे

ऑफ-रोड चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आता त्याचे रील्स आणि फॉरवर्डही झालेत. त्याचा आशय असा: "कच्च्या रस्त्यावर हात भरून येतात, दगडासारखे कडक होतात, क्लच दाबवत नाही, म्हणजे तुमच्या हातात ताकद नाही. रोज हँडग्रिपर दाबा. हँडल घट्ट धरा. निघण्याआधी केळं खा, मीठ-लिंबाचं पाणी प्या. शॉकअप कडक करून घ्या. तरीही होत असेल तर छोटंसं ऑपरेशन असतं, कायमचे मोकळे व्हाल." नवी मुलं हे सगळं मनापासून करतात. यातले काही उपाय निरुपयोगी आहेत आणि काही चक्क त्रास वाढवणारे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ताकदीचं बघू. कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात आतल्या अंगाला बोटं मिटवणारे स्नायू असतात आणि बाहेरच्या अंगाला बोटं उघडणारे. प्रत्येक गटाभोवती फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं आणि ते फारसं ताणलं जात नाही. स्नायू कामाला लागला की त्यात रक्त येतं आणि तो फुगतो. मूठ आवळ-सैल होत राहिली तर जुनं रक्त बाहेर पडून नवं आत येतं. पण मूठ सलग आवळलेलीच राहिली तर आत आलेलं रक्त शिरांवाटे बाहेर निघायला वाट राहत नाही. आवरण पसरत नाही, त्यामुळे आतला दाब चढत जातो. हात तटतटतो, बोटं बधिर होतात, आणि शेवटी ब्रेकवर बोट असूनही ते दाबलं जात नाही. रायडर याला आर्म पंप म्हणतात. म्हणजे प्रश्न मुळात दाबाचा आहे.

ताकद कमी म्हणून हे होत असतं तर जगातल्या सर्वांत तयारीच्या रायडरांना ते झालंच नसतं. २ मे २०२१ ला स्पेनमध्ये हेरेसच्या मोटोजीपी शर्यतीत फाबियो क्वार्तारारो पुढे होता. उजवा हात भरला आणि तो थेट तेराव्या क्रमांकावर घसरला. त्याच वर्षी तो जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या तब्येतीत उणीव होती असं कोणी म्हणू शकणार नाही. ती डांबरी ट्रॅकवरची शर्यत होती हे खरं, पण जोराच्या ब्रेकिंगमध्ये हातांवर येणारा भार आणि दगडगोट्यांत हँडलला लटकल्यावर येणारा भार स्नायूला सारखाच छळतो.

आता हँडग्रिपर. ग्रिपरने नेमके तेच स्नायू जाड होतात जे आधीच आवरणात दाटीवाटीने बसलेत. आवरण मात्र त्या वेगाने सैल होत नाही. व्यायाम करूच नका असं मी म्हणत नाही. मांड्या, पोट, कंबर आणि पाठ यांचा व्यायाम भरपूर करा, दमसास वाढवा, कारण गाडीवर उभं राहण्याचं काम त्यांचं आहे. ते थकले की सगळं वजन हातांवर येतं. एकट्या मुठीचा व्यायाम मात्र या दुखण्यावर उपाय नाही.

"हँडल घट्ट धरा" हा या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग, आणि भीतीपोटी तो लगेच पटतोही. पुढचं चाक दगडावर आदळलं की हँडल हिसका देतं आणि आपण आणखी आवळतो. खरं म्हणजे चालत्या गाडीचं पुढचं चाक बऱ्याच अंशी आपली वाट आपण शोधतं, त्याला थोडं इकडेतिकडे हलू द्यावं लागतं. आवळलेल्या हातांनी तो प्रत्येक हिसका तुम्ही स्वतःच्या खांद्यांत घेता. शिवाय घट्ट धरलेल्या उजव्या हाताने धक्क्यासरशी थ्रॉटल पिळला जातो, गाडी उसळते, आणि घाबरून मूठ अजून आवळली जाते.

गाडी धरायची ती पायांनी. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहा, गुडघे किंचित वाकवा, टाकी गुडघ्यांत आणि बुटांत पकडा, कंबरेतून पुढे झुका, कोपरं बाहेर काढा. हातांचं काम फक्त दिशा, ब्रेक, क्लच आणि थ्रॉटल एवढंच. जमतंय का हे तपासायची सोपी खूण आहे. सपाट मातीवर, सावकाश आणि एका वेगात, उभं राहून दोन्ही हातांची बोटं पियानो वाजवावा तशी ग्रिपवर हलवून बघा. बोटं मोकळी करताच तुम्ही मागे किंवा पुढे जात असाल तर तुम्ही आतापर्यंत हँडलला लटकून होता. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात झालेली सुपरक्रॉस, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची उड्यांची शर्यत, ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी चांगल्या रायडरची कोपरं आठवून बघावीत.

या फॉरवर्डात एक गोष्ट मुळातच नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: लिव्हर. शोरूममधून आलेल्या बहुतेक गाड्यांवर क्लच आणि ब्रेकचे लिव्हर बसून चालवायच्या बेताने लावलेले असतात. तुम्ही उभे राहिलात की मनगट वर मुरडतं, आणि मुरडलेल्या मनगटाने दोन बोटं खेचायला कितीतरी जास्त जोर लागतो. गाडी स्टँडवर घ्या, कोणालातरी धरायला सांगा, पेगवर उभे राहा, डोळे मिटा आणि बोटं सहज पुढे सोडा. कोपर, मनगट आणि बोटांची टोकं एका सरळ रेषेत येतील तिथे लिव्हर हवा. क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून तो फिरवायचा असतो, पाना असेल तर पाच मिनिटांचं काम. बोल्ट पुन्हा कसा, पण अगदी गच्च नको: पडल्यावर लिव्हर फिरला तर वाचतो, अडकून बसला तर तुटतो. क्लचची केबल कोरडी पडलेली असते, तिला तेल द्या, थोडा फ्री प्ले, म्हणजे लिव्हरला सुरुवातीची थोडी ढिलाई, ठेवा. मग दिवसभर एकाच बोटाने क्लच चालतो का ते बघा. ग्लोव्ह्जच्या मनगटाचा पट्टा आणि एल्बो गार्डचे पट्टे इतके आवळू नका की काढल्यावर वळ उठेल. रक्ताची वाट आपण स्वतःच बंद करतो.

शॉकअप कडक करणं म्हणजे नेमकं उलटं. दगडाचा मार चाकाने आणि स्प्रिंगने गिळायचा असतो, कडक केलं की तो हातात येतो. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ सारख्या गाडीच्या पुढच्या फोर्कला (पुढच्या शॉकअपला) तर अ‍ॅडजस्टमेंटच नाही, तिथे टायरची हवा हाच हाताशी असलेला उपाय. रस्त्यावरची पूर्ण हवा ठेवून दगडांत शिरू नका, थोडी कमी करा. फार कमी केली तर ट्यूबवाला टायर दगडावर दबून ट्यूब फाटेल, म्हणून रिमलाही जपा आणि डांबरावर परतताना पुन्हा भरा.

केळं आणि मीठपाणी उन्हात उपयोगी आहेत, जरूर घ्या. पण पेटके आणि आर्म पंप या वेगळ्या गोष्टी आहेत. आवरणातला दाब केळ्याने उतरत नाही. त्यापेक्षा सुरुवातीचा वेग सांभाळा. थंड हातांनी पहिल्याच किलोमीटरला जीव तोडून गाडी हाणली की स्नायू एकदम फुगतात. आधी दहा-पंधरा मिनिटं शांत चालवा, मोकळा पट्टा आला की एकेक हात खाली सोडून झटका, श्वास रोखू नका. घाबरल्यावर श्वास थांबतो आणि मूठ आवळते, दोन्ही एकदमच होतं.

आता ऑपरेशन. फॅशियाला छेद देऊन जागा मोकळी करतात आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना त्याने आराम पडतो. पण "कायमचे" हा शब्द खोटा आहे. क्वार्तारारोचं २०१९ मध्येही ऑपरेशन झालं होतं, तरी २०२१ मध्ये हात भरलाच आणि पुन्हा टेबलावर जावं लागलं. मोटोजीपीतल्याच दानी पेद्रोसाने २०१४ मध्ये करून घेतलं आणि २०१५ मध्ये पुन्हा, त्यासाठी तीन शर्यती सोडल्या. त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. शनिवार-रविवार मुळशीच्या मागे चिखलात जाणाऱ्याने आधी लिव्हर, पाय आणि मूठ ही तीन ठिकाणं दुरुस्त करावीत. एवढं करूनही दर वेळी हात भरत असेल तर हाताच्या डॉक्टरांकडे जा. ते व्यायामाआधी आणि नंतर आतला दाब मोजतात, त्यावर ठरतं. करंगळी आणि शेजारचंच बोट किंवा अंगठ्याकडची तीन बोटं रात्री घरी बसल्याबसल्याही बधिर होत असतील तर कोपरात किंवा मनगटात नस दबत असू शकते, तो वेगळा आजार.

आणि पडल्यानंतर, हातावर गाडी आल्यानंतर हात तटतटून फुगला, दुखणं दुखापतीच्या मानाने फारच जास्त वाटलं, बोटं ताणली की कळ उठली, तर "आर्म पंप आहे, उतरेल" म्हणून थांबू नका. नेहमीचा आर्म पंप गाडी थांबवल्यावर थोड्या वेळात उतरतो. दुखापतीनंतरचा हा दाब उतरत नाही, काही तासांत स्नायू मरतात. ग्लोव्ह्ज, गार्ड, घड्याळ, जे जे आवळतंय ते काढा, आणि लगेच ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयात पोचा.