सूर्य समोर असला म्हणून फोटो खोटा होत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. नवीन मुलांनी जरूर वाचावा, अशी वर पुरवणी. सार असं: पक्ष्यांचे फोटो काढताना सूर्य कायम पाठीशी हवा. समोर घेतला की पक्षी काळा पडतो, ओळखू येत नाही. सोनेरी कडा आणि काळंभोर पाणी असलेले फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले, म्हणजे खोटे. आणि एवढं सांगून वर सल्ला: हौसच असेल तर कसाही काढा, एडिटिंगमध्ये सगळं निघतं.

पहिलं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं फिरतं. नोंदीसाठी फोटो हवा असेल, पिसांचे रंग दाखवायचे असतील, तर सूर्य पाठीशीच बरा. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले आणि त्यांचा गुलाबीच फोटोत उतरला नाही, तर मीही हळहळेन. पण 'कायम' हा शब्द कुठून आला?

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावरची गोष्ट सांगतो. जानेवारीतल्या गड्डा जत्रेचे दिवस, थंडी बऱ्यापैकी. काठ असा, की उजाडताना पूर्वेलाच तोंड करून बसावं लागतं. समोर दगडावर पाणकावळा पंख पसरून वाळवत होता. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकून टाकत नाहीत, भिजतात, म्हणून बुडी मारून आला की हा कार्यक्रम ठरलेला. सूर्य त्याच्या मागून वर आला आणि एरवी डांबरासारखा दिसणारा तो पंख कडेने तपकिरी पेटला. जिथे पिसं विरळ तिथे उजेड आरपार, जिथे एकावर एक तिथे गडद. चोचीच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, तोही पेटलेला. सूर्य पाठीशी असता तर त्या सकाळी मला एक काळा पक्षी मिळाला असता, बास. आणि हा खेळ अर्ध्या तासाचा. आपल्याकडे सूर्य भराभर वर चढतो. सोनेरी उजेड गेला की उरतो तो आपला नेहमीचा सोलापुरी भगभगाट.

काळा पडला की ओळखू येत नाही? शेकाट्याला ओळखायला रंग कशाला लागतो? काडीसारखे लांबलचक पाय आणि सुईसारखी चोच, नुसती सावली पडली तरी नाव सांगता येतं. छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा हे तर मला उलट आकृतीतच पटकन वेगळे कळतात: एकाची चोच आखूड, जाडसर; दुसऱ्याची लांब, बारीक. एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या तुतवार पक्ष्यांच्या बाबतीत मात्र मी हात टेकतो. तिथे सूर्य पाठीशीच हवा.

आता मुख्य आरोप, खोटेपणाचा. जुन्या स्टुडिओत डार्करूममध्ये कागदाचा एक भाग हाताने झाकून उजळ ठेवायचे, दुसरा जास्त उजेड देऊन काळा करायचे. त्याला कोणी खोटं म्हटलं नाही. आज तेच माऊसने होतं. शिवाय कॅमेरा स्वतः काय कमी ढवळाढवळ करतो? व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची जुळणी, ऑटोवर ठेवला की तो सकाळचा सोनेरीपणा दोष समजून धुऊन टाकतो. तो परत आणणं म्हणजे खोटं?

खोटे फोटो असतातच, पण ते पकडायची रीत वेगळी. पाण्यावर सूर्याचा चमचमता पट्टा नेहमी सूर्याच्या बरोब्बर खालून आपल्याकडे येतो. सूर्य एकीकडे आणि पट्टा दुसरीकडे, तर समजा सूर्य चिकटवलाय. तसंच कडेचं. खरी कड सूर्याच्या बाजूने येते आणि पिसं फुगतील तशी जाड-बारीक होते. एडिटिंगमधली कमी-जास्त करायची पट्टी (स्लायडर) ताणून आलेली कड मात्र सगळीकडून सारखी, पांढरट. मी स्वतः एकदा असा ताणलेला फोटो छापायला नेला होता. स्टुडिओतल्या जुन्या माणसाने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाला, "काय ओ, दगडाला पण पिसं फुटली का?" तो फोटो मी आजवर कोणाला दाखवलेला नाही.

आणि एडिटिंग म्हणजेच खोटं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं: 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत 2017 साली बक्षीस मिळालेला एक फोटो 2018 मध्ये बाद झाला. कारण रंग नव्हे. फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता.

शेवटचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. एडिटिंगमध्ये सगळं निघत नाही. पक्ष्यामागे बांधाची सावली असली की कॅमेऱ्याला सगळं अंधारं दिसतं, तो बिचारा उजेड वाढवतो आणि नेमकी ती सोनेरी कड पांढरीफटक जळते. जळलेल्या जागी माहितीच नसते, मग काढणार काय? तिथे एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) दीड-दोन स्टॉप खाली घ्यायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, उजवा काठ बघायचा, तिथे ढीग लागला की कड जळली. मागे चमचमतं पाणी असेल तर कॅमेरा आपोआपच काळोख करतो, मग फार खाली जायची गरज नाही. सावली थोडी उचलता येते, तीही रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीत: 14 बिटच्या रॉला प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या, नेहमीच्या जेपेग फोटोला 256. हे सगळं बटण दाबायच्या आधीचं काम आहे. घरी जाऊन करायचं ते फक्त उरलंसुरलं.

सूर्य समोर घेऊ नका म्हणायला एक खरंखुरं कारण आहे, आणि चार ग्रुप फिरून आलेल्या त्या मेसेजमध्ये नेमकं तेच नाही. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला (डोळा लावायच्या खिडकीला) डोळा लावून टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स थेट सूर्यावर फिरवली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे चित्र थेट कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आणून, तिथे बघा. सूर्य चौकटीबाहेर ठेवलात तरी कडा तेवढ्याच पेटतात.