टारफुला, हायब्रीड आणि गेबिसा एजेटा

आमच्या ज्वारीत टारफुला यायचा, पिकाच्या मुळांवर जगणारं तण. पीक गुडघ्याच्या वर गेलं की बुडाशी बारीक पांढरी फुलं दिसायची, आणि भुईला ओल असूनही दुपारी ताटं माना टाकायची. आजी उपटत बसायची. "वर दिसला तवर त्याचं खाऊन झालेलं असतंय," म्हणायची. ते अक्षरशः खरं होतं, हे मला फार उशिरा कळलं, ज्वारीचे शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांच्याबद्दल वाचताना.

एजेटा इथिओपियाचे. जन्म १९५० चा, वोलोंकोमी नावाच्या खेड्यात, मातीच्या भुईच्या एकखणी गवती घरात. शाळेसाठी रविवारी २० किलोमीटर चालत जायचं, शुक्रवारी तेवढंच चालत परत यायचं. पोरगा शिकलाच पाहिजे हा हट्ट आईचा. पुढे जिम्माची शेतकी शाळा, अलेमाया कॉलेज, मग अमेरिकेतलं पर्ड्यू विद्यापीठ आणि १९७८ ला पीएचडी. विषय ज्वारी.

तिथून ते इक्रिसॅटतर्फे सुदानला गेले. इक्रिसॅट म्हणजे आपल्या हैदराबादजवळच्या पाटणचेरूचीच, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी संस्था. १९८३ मध्ये त्यांचं 'हगीन दुरा-१' आलं. दुरा म्हणजे ज्वारी, हगीन म्हणजे संकरित. आपण नुसतं 'हायब्रीड' म्हणतो ना, अगदी तेच! पावसाने ताण दिला तरी तग धरणारं, आणि चाचण्यांमध्ये जुन्या वाणांच्या दीडपट ते दुप्पट उतारा देणारं. पण मला त्यांचं मोठेपण पुढच्या कामात दिसतं. संकरित बियाणं दरवर्षी नव्याने तयार करावं लागतं, आणि सुदानमध्ये ती घडी बसलेली नव्हती. बीजोत्पादन, तपासणी, विक्री, शेतकऱ्यांना शिकवणं, हे सगळं उभं करण्यात ते स्वतः उतरले. १९९९ पर्यंत दहा लाख एकरांवर हे वाण निघालं होतं.

मग ते पर्ड्यूला परतले आणि टारफुल्याच्या मागे लागले. आफ्रिकेतली जात वेगळी, फूल गुलाबी-जांभळं, पण खोड तीच. याचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि आपणहून उगवतच नाही. जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला की ज्वारीचं मूळ मातीतल्या उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी काही रसायनं सोडतं. टारफुला नेमकी तीच हाक ऐकतो, जागा होतो आणि थेट मुळात घुसतो. म्हणजे वर दिसण्याआधीच त्याचं खाणं सुरू झालेलं असतं. एजेटा आणि त्यांचे सहकारी लॅरी बटलर यांनी काचेच्या बशीत अगारच्या जेलीवर ज्वारीचं रोप आणि टारफुल्याचं बी शेजारी शेजारी ठेवलं, आणि मुळापासून किती अंतरापर्यंत बी उगवतं ते मोजलं. ज्या ज्वारीच्या मुळाशी बी झोपूनच राहिलं, ती पुढे संकरासाठी निवडली. १९९४ मध्ये अशा वाणांचं आठ टन बियाणं आफ्रिकेतल्या बारा देशांत गेलं. यामागचं जनुक हाती लागायला मात्र २०१७ उजाडलं. दरम्यान २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला होता.

आपल्याकडे जैवतंत्रज्ञान म्हटलं की गाडी बीटी कापसावर येते आणि भांडणात अडकते. मला या माणसाचा रस्ता पटतो. गरिबाच्या भाकरीचं पीक निवडायचं आणि चाळीस वर्षं ते सोडायचं नाही. नुसतं बी देऊन थांबायचंही नाही. टारफुल्याला तोंड देणाऱ्या वाणाबरोबर खत आणि पाणी अडवणाऱ्या सऱ्या हव्यातच, हे ते धरून राहिले. आपल्या कृषी महाविद्यालयांतली कितीतरी हुशार मुलं पदवी हातात पडताच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्यांना दोष नाही देत, पण जीव तुटतो. मालदांडी ज्वारीवर आयुष्य लावावं असं त्यांना वाटायला आपण काय केलं?

उपटलेला टारफुला आजी बांधावरच टाकायची. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि ते मातीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. फुलं धरायच्या आत उपटून तो जाळायचा असतो, हे सांगायला आमच्या बांधावर कधी कोणी आलं नाही.